घरबसल्या शिक्षण : साधन आणि पद्धती
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला बाहेरचा पाहुणा बोलवायचा, हा आपला शिरस्ता. यंदा कार्यकारिणीने तो मोडला आणि घरच्याच बाईला उभे केले. घरच्या माणसाला प्रस्तावना फार लागत नाही, ही सोय. पण त्याचे गुणदोष श्रोत्यांना आधीच ठाऊक असतात, ही अडचण! मी सव्वीस वर्षे शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून काम केले. समंत्रक म्हणजे दूर राहून शिकणाऱ्यांच्या शंका सोडवणारी शिक्षिका. त्यामुळे आजचा विषय माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे.

गेल्या काही वर्षांत मला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो. कोणी म्हणते, “बाई, सुनेला पदवी पुरी करायची आहे, फोनवरचे शिक्षण खरे की खोटे?” कोणी म्हणते, “नातवासाठी कोणते ॲप घ्यावे?” कोणी तर दुकानात साडीचा पोत विचारावा तसे विचारते, “त्यातल्या त्यात चांगले कोणते?” ह्या सर्वांना एकेकटे उत्तर देण्यापेक्षा आज सगळ्यांना मिळूनच द्यावे, असे मी ठरवले.

घरबसल्या शिक्षण ही मोबाईलबरोबर आलेली नवलाई नव्हे. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाऊ लागले, आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन नावाच्या गृहस्थांनी आपल्या लघुलिपीचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने दिलेला उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवायचा, पिटमन तो तपासून, चुका दाखवून पुन्हा विद्यार्थ्याकडे धाडायचे. धडा जातो, उत्तर येते, आणि दुरुस्ती होऊन ते परत जाते. ह्या तीन फेऱ्या कृपा करून लक्षात ठेवा. माझे पुढचे सगळे बोलणे त्यांच्यावरच उभे आहे.

त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, १८७३ साली, अमेरिकेत बोस्टन शहरी ॲना टिकनर ह्या बाईंनी घरी राहणाऱ्या स्त्रियांना अभ्यासाला लावण्यासाठी एक संस्था काढली. मोठ्या विद्यापीठांची दारे तेव्हा तिकडेही बायकांना बहुतेक बंदच होती. ह्या संस्थेत शिकवणाऱ्या बायकाच आणि शिकणाऱ्याही बायकाच. प्रत्येक विद्यार्थिनीला दरमहा एका शिक्षिकेचे पत्र जाई. टपालाने पुस्तके उसनी मिळत. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायचे आणि जे आठवेल ते लिहून पाठवायचे, असा नियम होता. १८९७ पर्यंत ही संस्था चालली आणि सुमारे सात हजार स्त्रियांनी तिचा लाभ घेतला. भगिनींनो, ना वीज, ना फोन. होते ते फक्त टपाल. पण पलीकडच्या टोकाला आपले पत्र वाचणारी एक बाई आहे, एवढा भरवसा मात्र प्रत्येकीला होता.

पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे, ह्या साध्या नियमात केवढे शहाणपण होते ते पुढे प्रयोगाने सिद्ध झाले. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्याच लक्षात अधिक राहिले होते. आपल्या घरातली मुले धडा दहादा वाचतात आणि परीक्षेत विसरतात, त्याचे एक कारण इथे सापडते. आणि एकच व्हिडिओ तीनदा पाहून “समजले, समजले” म्हणणाऱ्या मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि मातृभाषेतून शिकवायचे ठरवले, हे आपणांस ठाऊकच आहे. टपालाने पाठ पाठवून पदवीपर्यंत नेण्याची सोय दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली केली. १९८२ साली हैदराबादेत देशातले पहिले मुक्त विद्यापीठ उघडले, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधींच्या नावाचे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचले असेल.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आपल्याच भागात, आपल्याच भाषेत झालेला एक प्रयोग, आणि त्याची आठवण आज फारशी कोणाला राहिलेली नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम. विषय शेतीचे आणि गावच्या सुधारणेचे. गावोगाव वीसेक मंडळींचा एकेक श्रोतृगट केला होता. सर्वांनी एकत्र बसून ऐकायचे, रेडिओ बंद झाला की त्यावर चर्चा करायची, आणि आपल्या शंका व मते केंद्राकडे लिहून पाठवायची. त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ह्या प्रयोगाची तपासणी केली. त्यांनी तीन तऱ्हेची गावे घेतली: श्रोतृगट असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओही नसलेली. ज्या गावांत मंडळी जमून ऐकत आणि चर्चा करीत, तिथे लोकांची माहिती चांगलीच वाढलेली आढळली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे झालेली वाढ त्या मानाने फारच थोडी. आवाज तोच, कार्यक्रम तोच, भाषा तीच. फरक होता तो रेडिओभोवती काय केले जाते ह्याचा.

ह्या एका प्रयोगातच आजच्या विषयाचे सार आहे. साधन माहिती आणून पोचवते. तिचे शिक्षण होते ते पद्धतीने.

हेच मत रिचर्ड क्लार्क ह्या अमेरिकन अभ्यासकांनी १९८३ साली फार सडेतोडपणे मांडले. त्यांचे म्हणणे असे की, वाणसामान घेऊन येणाऱ्या गाडीमुळे जसे घराचे पोषण सुधारत नाही, तसेच शिक्षणाच्या साधनामुळे शिक्षण सुधारत नाही. आपण गृहिणी आहोत, आपल्याला हे चटकन पटेल. पालेभाजी हातगाडीवरून आली काय आणि टेंपोतून आली काय, ती निवडली कशी, शिजवली कशी आणि पानात पडली की नाही, ह्यावर सारे अवलंबून. आपल्याकडे म्हणच आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पोहरा चांदीचा केला म्हणून आडाला पाणी येत नाही.

परंतु भगिनींनो, एवढ्यावर थांबलो तर साधनावर अन्याय होईल. क्लार्क ह्यांना विरोध करणारेही अभ्यासक निघाले, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पोहरा गळका असेल तर आडात भरपूर असूनही घागर भरत नाही. प्रत्येक साधन काही पद्धती सोप्या करते आणि काही अवघड करते. टपालात विचार करून लिहायला सवड मिळे, पण उत्तर यायला आठवडे लागत. रेडिओला थांबवून “पुन्हा सांगा” म्हणता येत नसे. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. जे शब्दांत सांगता येत नाही ते तिने डोळ्यांना दाखवले; पण वेळ तिची, आपण तिच्या वेळेला हजर राहायचे! मोबाईलने ही वेळेची बेडी तोडली. रात्री साडेदहाला ओटा पुसून झाल्यावर बाई धडा ऐकू शकते, मध्येच बाळ रडले तर थांबवू शकते, आणि तोच भाग पुन्हा लावू शकते. स्त्रियांच्या दृष्टीने ही सोय लहानसहान नाही.

मात्र त्याच मोबाईलच्या अडचणीही बायकांच्याच वाट्याला अधिक येतात. घरात फोन एक आणि माणसे पाच असली, तर त्यावर पहिला हक्क कोणाचा हे मी सांगायला नको. म्हणून एखादा अभ्यासक्रम चांगला की वाईट हे ठरवताना, तो फोन आपल्या हातात किती वेळ येणार, हाही हिशेब त्यात धरला पाहिजे.

पद्धत आणि साधन ह्यांची सांगड नीट बसली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण इंग्लंडातले आहे. १९६३ साली हॅरॉल्ड विल्सन ह्यांनी रेडिओ-दूरचित्रवाणीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, तेव्हा त्याला ‘हवेतले विद्यापीठ’ म्हणत. ते काम जेनी ली ह्या मंत्रीणबाईंकडे आले. बाई स्कॉटलंडमधल्या एका खाणकामगाराची मुलगी. स्वस्तातली, दुय्यम पदवी त्यांना नको होती. इतर विद्यापीठांच्या तोडीचेच शिक्षण हवे, ह्या आग्रहावर त्या ठाम राहिल्या. १९६९ साली विद्यापीठाला सनद मिळाली ती ‘मुक्त विद्यापीठ’ ह्या नावाने, आणि १९७१ च्या जानेवारीत पहिले सुमारे २४ हजार विद्यार्थी अभ्यासाला बसले. दूरचित्रवाणीवरचे त्याचे कार्यक्रम गाजले खरे. पण खरा भार पेलला तो काळजीपूर्वक लिहिलेल्या छापील पाठांनी, गृहपाठ तपासणाऱ्या शिक्षकांनी आणि उन्हाळ्यात एकत्र जमून घेतलेल्या वर्गांनी. नावातली हवा गेली आणि मुक्तपणा राहिला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

छापील पाठांविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बर्ये होल्मबेर्ग हे स्वीडनमधले दूरशिक्षणाचे मोठे अभ्यासक. त्यांचा आग्रह असा की, दूरच्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेला पाठ म्हणजे शिक्षकाने त्याच्याशी केलेले संभाषण वाटले पाहिजे. चांगल्या स्वयं-अध्ययन पुस्तकात “आता थोडे थांबा, आणि तुमच्या घरातले उदाहरण आठवून लिहा” अशी वाक्ये येतात ती उगाच नव्हेत. ती वगळून पुढे जाणाऱ्या विद्यार्थिनी मी पुष्कळ पाहिल्या. त्यांना वाटे, वेळ वाचला.

आता अगदी अलीकडचे पाहा. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक वर्ग इंटरनेटवर सर्वांना खुला केला. सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावे घातली. साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. शेवटापर्यंत पोचले ते सुमारे २३ हजार, म्हणजे सातांतला एक. नावे घालणाऱ्यांत नुसते कुतूहल म्हणून डोकावणारेही असतात, हे मान्य. तरीही नाव घालण्याचे दार जितके रुंद झाले, तितकी पुढची वाट सोपी झाली नाही, हे यावरून दिसते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हा सारा धडा आपल्या घराघरांत गिरवला गेला. तेव्हाचे दोन वर्ग माझ्या पाहण्यात आले. एकात शिक्षक फळ्यावर शिकवावे तसे फोनवर चाळीस मिनिटे बोलत. पडद्यावर मुलांच्या नावांच्या चौकटी, आणि चौकटींमागे कोणी आहे की नाही, देवाला ठाऊक! दुसऱ्यात एक शिक्षिका दहा मिनिटांचा धडा ध्वनिमुद्रित करून पाठवी, त्यावर दोनच प्रश्न घाली, आणि संध्याकाळी चार-चार मुलांना फोन करून त्यांची उत्तरे ऐके. फोनचा खर्च दुसऱ्या वर्गात कमी आला, शिक्षिकेचा घसा आणि वेळ मात्र जास्त लागला. मुले टिकली ती तिच्याच वर्गात.

त्याच वर्षीच्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. अनेकींच्या घरी मुलांनी ती पाहिली असेल. तिच्यात व्याख्यान देणारे गुरुजी नव्हते. घरातल्या वस्तू घेऊन, घरच्या मोठ्या माणसांबरोबर, मुलांनी काही करून पाहावे अशी तिची रचना होती. साधन जुनेच, दूरचित्रवाणीचे; पण मुलाचे हात हलतील अशी पद्धत निवडली होती. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या चौकोनी खुणेवर फोन धरला की त्या धड्याची कविता, गोष्ट किंवा चित्रफीत उघडते, हे त्यांचे काम नावाजले गेले. पुस्तक मुलाच्या हातात तसेच राहिले आणि त्याला नव्या साधनाची जोड मिळाली, हे त्यातले मर्म.

मग नवीन अभ्यासक्रमात नाव घालताना आपण काय पाहावे? जाहिरातीत तारे-तारका कोण आहेत आणि व्हिडिओ किती हजार आहेत, हे नव्हे. मी सांगते ते चार प्रश्न पदराला गाठ मारून ठेवा. माझी वही कोण तपासणार आणि किती दिवसांत? अडले तर विचारायचे कोणाला, आणि ते माणूस आहे की नुसते यंत्र? धड्यात मला काही करायला, लिहायला, आठवायला सांगितले आहे, की नुसते पाहायला? आणि माझ्याबरोबर शिकणारी दुसरी कोणी माझ्या जवळपास आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे संस्थेने द्यायची. चौथ्याचे उत्तर मात्र आपण देऊ शकतो, आणि त्यासाठीच मी आज उभी आहे.

लाडवाचा पाक शिकण्याचेच घ्या. एकतारी पाक कसा दिसतो हे फोनवर हवे तितक्या वेळा पाहता येते. पण आपल्या कढईतला पाक पाहून “अगं, आता उतरव, पुढे गेला तर लाडू फोडायला बत्ता लागेल,” असे म्हणणारे कोणी शेजारी लागते. पडद्याला आपली कढई दिसत नाही.

ह्या सभागृहातच एक भगिनी बसल्या आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही. बारावीनंतर लग्न झाले, पंधरा वर्षांनी मुक्त विद्यापीठात नाव घातले. त्या करतात त्या नोकरीत पुढची जागा पदवीवाचून मिळत नाही. पहिले वर्ष निभावले, दुसऱ्या वर्षी पुस्तके माळ्यावर गेली. मी विचारले, “अवघड जाते का?” त्या म्हणाल्या, “बाई, वाचलेले कळत नाही असे नाही. पण कळले ते सांगू कोणाला?” दूरशिक्षणावरची इतकी जाडजाड पुस्तके जे सांगतात, ते ह्या बाईंनी एका वाक्यात सांगितले. त्यांची नोंदणी अजून जिवंत आहे, पण फार दिवस राहणार नाही. आणि अशा त्या एकट्याच नाहीत, हे तुमच्या चेहऱ्यांवरून मला दिसतेच आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. आपले हे सभागृह बुधवारी आणि शनिवारी दुपारी रिकामे असते. तीन ते साडेचार ह्या वेळेत इथे अभ्यासमंडळ भरवावे. कोणाचा अभ्यासक्रम कोणता आणि विद्यापीठ कोणते, ह्याला महत्त्व नाही. हळदीकुंकवासाठी आणलेला मोठा पडदा आणि ध्वनिवर्धक कपाटात पडून आहेत, ते बाहेर काढावेत. धडा वीस मिनिटांहून अधिक ऐकायचा नाही. मग पडदा बंद, पुस्तक बंद, आणि प्रत्येकीने आठवेल ते लिहायचे. नंतर एकमेकींना सांगायचे. न सुटलेल्या शंका एकीने वहीत उतरवून त्या-त्या केंद्राकडे पाठवायच्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करायचा. १९५६ साली पुणे केंद्राने खेड्यांत जे केले तेच, फक्त रेडिओच्या जागी फोन.

ज्यांना फोन हाताळायची भीती वाटते त्यांना आपल्या महाविद्यालयीन मुली शिकवतील. लहान मुलांसाठी मागच्या खोलीत सतरंजी घालू. आळीपाळीने दोघींनी तिकडे बसावे. वह्या तपासायचे काम मी करीन. लाल पेन्सिल अजून घरात आहे! दोघी-तिघी निवृत्त शिक्षिकांनी मदत केली तर गणित आणि इंग्रजीही निभेल. ह्याला मंडळाच्या तिजोरीतून फारसे काही लागणार नाही. लागेल ती दर आठवड्याला तीन तासांची हजेरी.

सासूबाईंना आणि घरातल्या पुरुष मंडळींनाही एक विनंती. ह्या दोन दुपारी घरातला एक फोन आणि तीन ते साडेचारचा वेळ सुनेला, लेकीला, पत्नीला मोकळा द्यावा. साडेचारचा चहा पावणेपाचला झाला तर काही बिघडत नाही.

सभा संपल्यावर दारापाशी एक वही ठेवलेली असेल. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी डाव्या पानावर आणि ज्यांना शिकवायचे आहे त्यांनी उजव्या पानावर नाव लिहावे. पुढच्या बुधवारी तीन वाजता मी इथे येऊन बसणार आहे. माळ्यावरची पुस्तके खाली काढून, झटकून, बरोबर घेऊन या.